ट्यूबलाइटखालचे दोन कोळी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी पावसाळा लागला की हॉलच्या ट्यूबलाइटभोवती किडे जमतात आणि त्यांच्या मागोमाग दोन कोळी हजर, एक काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा आणि दुसरा मातकट, जरा जाडसर. मी कितीतरी दिवस ह्या दोन वेगळ्या जाती समजून चाललो होतो, मोबाइलमध्ये फोटोंचे फोल्डरपण वेगळे केलेले.

दोघंही उडी मारणारे, म्हणजे जंपिंग स्पायडर, एवढं मात्र पहिल्यापासून नक्की होतं. कोळ्यांतलं हे सगळ्यात मोठं कुळ, साल्टिसिडे, जगात ६००० च्या वर जाती. ओळखायला चेहरा बघायचा. डोळे आठ, पण पुढचे मधले दोन गाडीच्या हेडलाइटएवढे ठसठशीत, आणि तुम्ही जरा बाजूला सरकलात की हा पठ्ठ्या गर्रकन वळून परत तुमच्याकडेच बघतो. शिकारीसाठी जाळं विणत नाही, मांजरासारखा दबकत जातो आणि झडप घालतो. उडीसाठी टोळासारख्या जाडजूड मांड्या पण नाहीत, पाय ताणले जातात ते शरीरातल्या द्रवाच्या दाबानं, जेसीबीचा हात तेलाच्या दाबानं उठतो ना, तसं. उडायच्या आधी भिंतीला रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, नेम चुकला तर लोंबकळत राहतो.

तर एका संध्याकाळी काळ्यानं पुढचे दोन पाय वर केले आणि मातकटासमोर झुलत झुलत सरकायला लागला. मला वाटलं आता खासबागेतली कुस्ती, शड्डू ठोकून झाला. आई म्हणाली, "आरं झाडू आण की, बघत काय बसलायस!" पण कुस्ती काय लागेना, मातकट शांत बसलेली, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की हे नवरा-बायको आहेत! जात एकच, प्लेक्सिपस पायकुली.

नराच्या काळ्या पाठीवर तीन पांढरे पट्टे, त्यातला मधला पोटावर, म्हणजे शरीराच्या मागच्या फुगीर भागावरपण उतरतो. मादी तपकिरी, मधून फिकट पट्टा आणि पोटाच्या मागच्या भागावर दोन पांढरे ठिपके. लांबी सेंटिमीटरच्या आसपास. तोंडाजवळचे दोन छोटे हात बघा, नराचे टोकाला बॉक्सिंग ग्लोव्ह घातल्यासारखे फुगीर, मादीचे बारीक. पूर्ण खात्री करायची तर तेच हात मायक्रोस्कोपखाली बघावे लागतात, कारण प्लेक्सिपस पीटर्सी नावाचा भाऊबंद बराचसा असाच दिसतो. त्यामुळे फोटो बघून छातीठोक नाव सांगणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

बाहेरच्या कंपाउंडवर भर उन्हात पळतो तो मात्र वेगळाच, मेनेमेरस बायव्हिटॅटस, राखाडी, केसाळ आणि कुणीतरी दाबल्यासारखा चपटा, माश्यांच्या मागावर असतो.

घरातला आणखी एक म्हणजे हॅसेरियस अ‍ॅडनसोनी. नर काळा, पोटाच्या पुढच्या कडेला पांढरी कोर आणि चेहऱ्यावर लालसर मुखवटा. ह्याच्यावर जपानी शास्त्रज्ञांनी २०१२ साली लई भारी प्रयोग प्रसिद्ध केला. ह्याच्या मोठ्या डोळ्यात पडदे एकावर एक रचलेले असतात, हिरवा प्रकाश टिपणाऱ्या दोन पडद्यांपैकी एकावर चित्र स्पष्ट पडतं, दुसऱ्यावर धूसर, आणि धूसरपणा किती त्यावरून तो अंतर ताडतो. हिरव्या उजेडात उडी बरोबर बसायची, नुसत्या लाल उजेडात आखूड पडायची, कारण लाल उजेडात चित्र जास्त धूसर होतं आणि भक्ष्य आहे त्यापेक्षा जवळ वाटतं.

अ‍ॅडनसोनी आणि पायकुली दोघांचं पहिलं वर्णन १८२६ चं, इजिप्त आणि सीरियातल्या कोळ्यांवरच्या फ्रेंच कामातलं. आपल्याकडचं नाव हवं असेल तर ठाण्याकडे सापडलेला इसियस तुकारामी आहे, २०२१ मध्ये २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांच्यावरून नाव दिलेला.

आमच्या मातकट बाईसाहेबांनी आता कॅलेंडरमागे रेशमाची पांढरी पिशवी केलीय आणि आत अंड्यांवर बसून आहेत. पहिल्या तारखेला पान उलटायला आई मलाच हाक मारते, "तुझ्या त्या बाईला विचारून उलट बाबा."