जुन्या कॉटेजच्या तुळया जहाजांतून आलेल्या नाहीत

इंग्लंडच्या खेड्यात लाकडी सांगाड्याचं जुनं कॉटेज बघायला गेलात, तर कुणीतरी हमखास सांगतं: ‘या तुळया मोडलेल्या युद्धनौकांच्या आहेत.’ समुद्रापासून कितीही दूर असलात तरी! बैलगाडीच्या काळात एवढं अवजड लाकूड तिथवर ओढून नेणार कोण, आणि कशाला?

पुरावा म्हणून तुळयांमधल्या रिकाम्या खाचा दाखवल्या जातात. त्या बहुधा नंतर काढून टाकलेल्या भिंतींच्या असतात, किंवा तुळई आधीच्या एखाद्या घरातून काढून पुन्हा वापरलेली असते. लाकूड वाया घालवत नसत, एवढंच. दुसरा पुरावा लाकडाच्या वाकडेपणाचा, जहाजाच्या बरगड्यांसारखा. पण सुतार मुद्दामच वाकडं झाड निवडत, ते उभं चिरत आणि दोन्ही फाळ्या समोरासमोर उभ्या करून छताची कमान करत. स्ट्रॅटफर्डजवळच्या शॉटरी गावात शेक्सपिअरच्या पत्नीचं, अ‍ॅन हॅथवेचं, माहेरघर आहे; त्याच्या १५व्या शतकातल्या भागात अशी जोडी आजही दिसते.

शिवाय घरासाठी ओक ओलाच वापरत, कारण वाळला की तो तासताना हत्यारांची धार जाते. जहाजातलं जुनं लाकूड म्हणजे सुताराला शिक्षाच.

अपवाद आहेत, पण त्यांची नोंदही आहे. हॅम्पशायरमधल्या विकमची पिठाची गिरणी १८२०मध्ये ‘चेसापीक’ या जहाजाच्या लाकडातून उभी राहिली. लंडनच्या ‘लिबर्टी’ दुकानात दोन युद्धनौकांचं लाकूड आहे. ती ट्युडर (सोळाव्या शतकातल्या इंग्रजी) शैलीची वाटणारी इमारत मात्र १९२०च्या दशकातली!