बोटावरचे ९८ आणि मेंदूच्या शिरेतले ६३

‘ऑक्सिजन ६३ टक्के म्हणजे माणूस अत्यवस्थ असणार’ हे वाक्य, एमआरआयने मोजलेल्या मेंदूच्या शिरेतील ऑक्सिजनच्या आकड्याविषयी, नाशिकमध्ये मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही इतक्यांदा ऐकले आहे, की हा घोटाळा एकदा नीट सोडवणे मला गरजेचे वाटते.

बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर करोनाच्या काळात घरोघरी पोहोचल्याने त्याविषयी फार सांगायला नको. बोटातून जाणाऱ्या लाल व अवरक्त प्रकाशाचा नाडीच्या ठोक्यासरशी बदलणारा भागच तो हिशेबात धरतो, म्हणून त्याचा आकडा धमनीतील रक्ताचा असतो आणि निरोगी माणसात तो ९५ ते १०० भरतो.

एमआरआयने मोजले जाते ते शिरेतील रक्त, आणि गल्लत होते ती नेमकी इथेच. धमनीतला आकडा अवयवाकडे काय निघाले ते सांगतो, तर शिरेतला आकडा अवयवाने आपली गरज भागवल्यावर काय उरले ते सांगतो. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्यात सोडलेले पाणी आणि टेलला पोहोचलेले पाणी सारखे भरत नाही म्हणून कोणी कालवा फुटल्याची हाकाटी करत नाही, कारण मधल्या बागांनी आपापला वाटा घेतलेला असतो. मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात निरोगी माणसातही साधारण ६० ते ७० टक्केच ऑक्सिजन उरतो. उलट तिथे ९० आढळले, तर पेशी ऑक्सिजन घेत नाहीत की रक्तच गरजेपेक्षा जास्त वाहते आहे, हे तपासावे लागते. आकडा ५० वर आला तरी रक्तप्रवाह घटला की वापर वाढला, हे त्या एकट्या आकड्यावरून ठरत नाही. म्हणूनच रक्तप्रवाह मोजल्याशिवाय शिरेतला आकडा कोणाच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

एमआरआयने ही मोजणी शक्य होते ती रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका गुणामुळे. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढले जाते, हे पॉलिंग आणि कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखवले होते. असे हिमोग्लोबिन जितके जास्त, तितका रक्ताचा एमआरआय संकेत लवकर विरतो. मेंदूच्या माथ्यावर, मध्यरेषेतून पुढून मागे जाणाऱ्या मोठ्या शिरेत हा विरण्याचा वेग मोजून त्यावरून टक्केवारी काढतात. मात्र त्यासाठी रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाणही ठाऊक असावे लागते, आणि सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला वेगावरून टक्केवारी काढण्याचे नेहमीचे कोष्टक लावले तर उत्तर चुकू शकते. आपल्या जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आढळत असल्याने ही बाब इथे कोणी किरकोळ मानू नये.

रंगाविषयी एवढेच, की ‘नीला’ हे नाव कितीही रूढ असले तरी शिरेतील रक्त निळे नसते, गडद लाल असते.

डोकेदुखीसाठी काढलेल्या नेहमीच्या एमआरआयमध्ये ही मोजणी नसते. ती वेगळी करावी लागते आणि आजही प्रामुख्याने संशोधनासाठीच होते, त्यामुळे त्या अहवालात हा आकडा शोधू नये.