‘क्रमशः’ आणि चित्र: ऑनलाइन कथामालिकांच्या जुन्या पेचाची पार्श्वभूमी

ऑनलाइन कथामालिकेत भागाऐवजी नुसते चित्र टाकले, तर तो भाग मोजायचा का, हा जुना वाद आहे. हप्त्याच्या शेवटी येणारा ‘क्रमशः’ हा शब्द छापील काळात संपादकाच्या भरवशावर उभा असे. अंकाची तारीख ठरलेली, पाने राखून ठेवलेली. त्या वेळापत्रकात चित्र बसवणे कठीण होते. मजकूर खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवून उभा राही, चित्राला मात्र वेगळा ब्लॉक लागे. चित्रकाराचे शाईतले रेखाटन जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, मग तो पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीला आणायचा. साप्ताहिकाच्या धावपळीत, दर हप्त्याला, हे कोण करणार?

लंडनमध्ये १८३६ साली एक कादंबरी मासिक हप्त्यांनी निघू लागली, ती मुळात चित्रांना मजकूर जोडण्यासाठी. दुसरा हप्ता बाहेर पडण्याआधीच चित्रकाराने आत्महत्या केली. तिसऱ्या हप्त्यापासून चित्रे चाराची दोन झाली आणि पाने २४ ची ३२. मराठीत चित्र आणि हप्ता वेगवेगळ्या घरी वाढले. पुण्यात १८९० साली सुरू झालेल्या साप्ताहिकाने वाचकाला हप्त्यांची गोडी लावली ती मजकुराच्या बळावर. मुंबईच्या एका मासिकाने १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि चित्रांना हक्काची जागा मिळत गेली. अंक वर्षातून एकदाच निघणारा, त्यामुळे चित्रकाराला सवडही मिळे.

१९९६ पासून मराठी संकेतस्थळे आली, त्यांवर कथा भागाभागाने येऊ लागल्या आणि ‘क्रमशः’चा अर्थ विस्कटला. संपादक नाही, अंक नाही, त्यामुळे शब्दामागे तारीखही नाही. अर्धवट सुटलेल्या कथांना कंटाळून ‘पूर्ण लिहून झाल्यावरच टाका’ असा वाचकांचा आग्रह सुरू झाला. लेखक स्वतःच चित्रे काढत असेल तर गुंता आणखी वाढतो. या आठवड्यात मजकूर झाला नाही, पण चित्र तयार आहे. ते टाकले तर तो भाग मोजायचा का?

मोजावा म्हणणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही. चित्राला दोन-तीन संध्याकाळी सहज जातात, आणि ती मेहनत लिखाणाइतकीच खरी असते. तरीही ‘क्रमशः’ हे गोष्ट पुढे नेण्याचे वचन आहे, असे मला ठामपणे वाटते. नायिका जिन्यात थांबली आहे हे चित्रातून दिसते. ती वर गेली की माघारी फिरली, हे कळायला भागच लागतो. आठवडाभर थांबलेल्या वाचकाला तेवढे मिळायलाच हवे. छापखान्यात जे अशक्य होते ते इथे शक्य आहे, याकडे मात्र दोन्ही बाजूंचे दुर्लक्ष झाले: भाग वेळेवर द्यावा आणि चित्र त्याच पानावर मागाहून चढवावे. अडचण एकच, आधी वाचून गेलेल्याला ते दिसत नाही. त्यासाठी पुढच्या भागाच्या वर एक ओळ पुरते.

२०१४ साली बंगळुरूहून सुरू झालेल्या आणि पुढे मराठीतही आलेल्या एका कथा-ॲपसारख्या ठिकाणी तोल पूर्ण वेळापत्रकाकडे झुकला. नवा भाग आला की फोन वाजतो, पुढचा भाग पैसे मोजून आधी उघडता येतो. रोज लिहिणारा टिकतो. चित्राच्या वाट्याला बहुतेकदा मुखपृष्ठाचा नखाएवढा चौकोन येतो.

२०२२ च्या उत्तरार्धात शब्दांवरून चित्र बनवणारी साधने सर्वांना खुली झाली आणि वेळेची सबब संपल्यासारखी वाटली. दर भागाला चित्र येऊ लागले, पण माणूस तोच राहिना. पहिल्या भागात नायिकेची नथ डावीकडे, चौथ्यात उजवीकडे, सातव्यात नऊवारीचा काष्टाच गायब. हप्त्यांच्या कथेत वाचक त्याच चेहऱ्याकडे परत येत असतो, म्हणून ही चूक एकट्या कथेपेक्षा मालिकेत जास्त बोचते. दर पाच भागांमागे एक, पण एकाच हातचे चित्र मला त्याहून कितीतरी मोलाचे वाटते. मधले चार भाग चित्राशिवाय, ठरल्या दिवशी आले तरी चालतील.