कंबरेची नस जाळून घ्यायला निघण्याआधी

आंब्याचा हंगाम आटोपला की आमच्या फिजिओथेरपी केंद्रात एकच प्रश्न येतो: "कोल्हापूरला जाऊन नस जाळून घेऊ का?" ती प्रक्रिया आम्ही करत नाही. पण तिच्या आधी आणि नंतर तुम्ही आमच्याकडेच येता, म्हणून हे पत्रक.

मणक्याच्या मागच्या लहान सांध्यांतली वेदना बारीक नसांतून मेंदूकडे जाते. सुईच्या टोकाला साधारण ८० अंश उष्णता देऊन त्या नसा बंद करतात. नस पुन्हा वाढते, त्यामुळे आराम पडला तरी तो कायमचा नसतो. पायात उतरणाऱ्या सायटिकाच्या कळेवर हा उपाय नाही.

गुण किती येतो? नेदरलँड्समध्ये ६८१ रुग्णांवर झालेल्या चाचण्या २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. नुसता व्यायाम करणारे आणि व्यायामासोबत नस जाळून घेतलेले, यांच्यात सांगण्याजोगा फरक निघाला नाही. २०२५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधल्या तज्ज्ञगटाने जुनाट कंबरदुखीसाठी हे करू नये, असंच सुचवलं. कोणता उपचार कधी करावा याची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१६ साली निवडक रुग्णांसाठी वाट ठेवली: बाकीचे उपचार करून झालेले, दुखणं दहापैकी पाच किंवा त्याहून जास्त आणि चाचणीच्या इंजेक्शनने आराम पडलेला.

घोळ होतो तो या चाचणीच्या इंजेक्शनातच. त्यात त्याच नसांजवळ भूल देणारं औषध सोडतात, परिणाम काही तासांचा. तेवढ्या वेळात दुखणं किती उतरलं, यावर पुढचा निर्णय. आपली माणसं मात्र सकाळी ठणक्याची गोळी घेऊन जातात आणि इंजेक्शन झाल्यावर गाडीत मागच्या सीटवर आडवी होतात, ती आंबा घाट उतरल्यावरच उठतात. "बरं वाटलं वाटतं," एवढंच सांगता येतं. मग चाचणी पुन्हा, खर्च पुन्हा.

त्या दिवशी ठणक्याची गोळी चालेल का, हे तिथल्या डॉक्टरांना आधीच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. इंजेक्शननंतर त्यांनी परवानगी दिली की चाला, वाका, ज्या हालचालीने दुखतं तीच करून पाहा आणि दर अर्ध्या तासाला दहापैकी आकडा लिहा. त्यासाठीचा छापील तक्ता आमच्याकडे मोफत मिळतो, भरायचा कसा तेही दाखवतो.

"एमआरआय न बघता आधी चालायला का लावता?" अशी तक्रार असते. सांध्यांची झीज न दुखणाऱ्या माणसाच्या फोटोतही दिसते, म्हणून. नस जाळल्यावरही व्यायाम सुटत नाही. तो तुमच्या बागेतल्या किंवा होडीवरच्या कामाला धरून आम्ही बसवून देतो.

लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. तडक रुग्णालय गाठा.