जुन्या फोटोतली बंदूक ओळखायची तर आधी नळीचं टोक बघा

आमच्या एका मित्राच्या घरी भिंतीवर फोटो आहे, फौजी ड्रेसमधला माणूस, हातात रायफल, आणि घरात सगळे सांगतात की हे पणजोबा, पहिल्या महायुद्धात बसऱ्याला, आजच्या इराकमध्ये, गेले होते. मी फोटो फ्रेममधून काढून घेतला, मोबाईलवर झूम केला आणि आधी नळीचं टोक बघितलं. लाकूड संपल्यावर पुढे दोन-तीन इंच नळी उघडी बाहेर आलेली. तिथेच मनात पाल चुकचुकली.

का ते सांगतो. पहिल्या महायुद्धात आपल्या पलटणींकडे मुख्यतः ली-एनफिल्ड होती, १९०७ साली आलेली मार्क थ्री, म्हणजे आपण जिला थ्री नॉट थ्री म्हणतो आणि जी नंतर कित्येक वर्षं पोलिसांच्या खांद्यावर दिसायची तीच. तिचं तोंड बघा कधी जवळून. लाकूड पार नळीच्या टोकापर्यंत जातं, पुढे बोथट लोखंडी टोपी, कापून टाकल्यासारखी, आणि माशीला, म्हणजे नेम धरायच्या टोकावरच्या खुणेला, धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना दोन कान. नळी बाहेर डोकावतच नाही म्हटलं तरी चालेल. नळी अशी बाहेर आलेली दिसते ती बहुतेकदा एनफिल्डचीच पुढची आवृत्ती, नंबर फोर, आणि ती ब्रिटिशांनी घेतली १९३९ ला, ढिगाने बनायला लागली १९४१ नंतर. मग १९१६ च्या मेसोपोटेमियात, म्हणजे त्या बसऱ्याच्या मुलखात, ती येणार कुठून?

पण एक लक्षात ठेवा, बंदूक फोटोची फक्त जुन्यात जुनी हद्द सांगते, म्हणजे 'याच्या आधीचा नाही' एवढंच. नंतरचा किती पण असू शकतो. १९६२ च्या चीन युद्धात पण आपल्या जवानांकडे थ्री नॉट थ्रीच होती.

टोकानंतर बघायचं ते मॅगझीन, चापाच्या पुढे खाली काय लटकतंय ते. एनफिल्डला तिथे दहा गोळ्यांचा डबा स्पष्ट बाहेर दिसतो. जर्मन माउझरचं पोट सपाट, पाच गोळ्या लाकडाच्या आतच. रशियन मोसिनला तिथे एक छोटा त्रिकोण खाली आलेला. फ्रेंच लेबेलला काहीच नाही, कारण तिच्या गोळ्या नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेल्या असतात. अंधुक फोटोत बाकी सगळं पुसट झालं तरी ही खालची कडा बऱ्याचदा वाचते, कारण ती मागच्या उजेडासमोर सावलीसारखी उठून दिसते.

लोक मात्र लांबीवरून ओळखायला जातात आणि तिथेच फसतात. पहिल्या युद्धातली जर्मन गेवेर ९८ सव्वा मीटर लांब, ती वेगळी कळते एकवेळ. पण दुसऱ्या युद्धातली कार ९८के आहे १११ सेंटिमीटर आणि आपली एनफिल्ड साधारण ११३. दोन सेंटिमीटरचा फरक फोटोत कसा दिसणार? त्यात बंदूक कॅमेऱ्याकडे थोडी जरी वळलेली असली की आखूड दिसते. म्हणून मोजायचंच असेल तर इंच मोजू नका, प्रमाण मोजा, म्हणजे चापापासून टोकापर्यंत किती आणि पूर्ण बंदूक किती. वळल्यामुळे दोन्ही सारख्याच हिशोबाने आखडतात, त्यामुळे गुणोत्तर बऱ्यापैकी टिकतं, फक्त कॅमेरा फार जवळ नको, नाहीतर जवळचा दस्ता फुगतो आणि हिशोब बिघडतो.

रंगावर पण जाऊ नका. त्या काळी फोटो घ्यायच्या बऱ्याच काचेच्या प्लेट आणि फिल्म लाल रंगाला आंधळ्या होत्या, त्यांना निळं-हिरवं दिसायचं, लाल नाही. त्यामुळे तेल पाजलेलं लालसर लाकूड फोटोत काळं पडतं आणि लोखंडात मिसळून जातं, मग माणसाला वाटतं लाकूड नाहीच आहे.

आणि फोटो उलटा छापलाय का ते बघा हो! निगेटिव्ह पलटी पडली की उजवं डावं होतं. अमेरिकेतल्या बिली द किड या गुंडाचं यावरूनच झालं. पत्र्यावरचा फोटो मुळातच आरशासारखा उलटा येतो, त्यामुळे त्याचं पिस्तूल डावीकडे दिसलं आणि लोक कितीतरी वर्षं त्याला डावखुरा म्हणत राहिले, पण फोटोतल्या विंचेस्टर रायफलची गोळ्या भरायची खिडकी डावीकडे होती आणि ती खिडकी त्या मॉडेलला उजवीकडेच असते. झालं, बंदुकीनेच साक्ष दिली. आपल्या फोटोत बोल्टची मूठ, म्हणजे गोळी आत ढकलायचा दांडा, एरवी उजवीकडे असतो तो, डावीकडे दिसली तर आधी शर्टाच्या बटणपट्टीकडे बघा, पुरुषांच्या शर्टात डावी बाजू वर असते. ती पण उलटी असेल तर फोटोच उलटा.

अजून एक विनंती, मनापासून. फोटो एआयने शार्प करून मग बंदूक ओळखू नका. जिथे चार राखाडी ठिपके आहेत तिथे ते ॲप अंदाजाने नळीचं टोक काढून देतं, आणि आपण त्या काढलेल्या टोकावरून आजोबांची लढाई ठरवतो. चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, बाकी काही नको. आणि बंदूक हातात आहे म्हणजे ती त्याचीच असं पण नाही, स्टुडिओवाले ठेवायचे प्रॉप म्हणून, आणि लढाईत शत्रूकडून हाती लागलेली घेऊन पण फोटो काढायचे.

मित्राच्या घरी मी हे सगळं सांगितलं तेव्हा आधी कोणी मानेना. मग आत्या आल्या, फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अरे हे आजोबा नाहीत, हे आमचे मोठे काका, इटलीला गेले होते ते." मराठा पलटणी १९४४ ला इटलीत होत्याच, नाईक यशवंत घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो तिथलाच, त्यामुळे नंबर फोर हातात असणं अगदी जुळतं.

पणजोबांचा फोटो नंतर ट्रंकेत सापडला, कोपरे खाल्लेला. बंदुकीचं टोक बोथट, आणि डाव्या बाजूला लाकडावर एक छोटी गोल चकती, फार लांबच्या निशाण्यासाठी असायची ती. ब्रिटनमध्ये युद्धाच्या घाईत, १९१६ च्या आसपास, ती बसवणं बंद केलं. मी बटणपट्टी पण तपासली. डावी बाजू वर होती.