मनमाडच्या पलीकडची मुंबई

आमचा आज्जा कधीच "मुंबईला जाऊन येतो" म्हणायचा नाही. मोठं काम निघालं, दवाखाना असो का कोर्ट का लग्नाचा बस्ता, तर "हैदराबादला जावं लागतंय" असंच तोंडात. लहानपणी वाटायचं म्हातारं जुन्या वळणाचं आहे, पण नंतर हिशोब लावला तर बरोबरच होतं त्याचं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला 17 सप्टेंबर 1948 ला, त्यानंतरही आपण हैदराबाद राज्यातच होतो, 1953 च्या सप्टेंबरात मराठी मुलूख एका राज्यात आणायचा नागपूर करार झाला, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला आपले तेव्हाचे 5 जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. म्हणजे मुंबई आपली राजधानी झाली ती तेव्हा. आज्ज्याचं लग्न, लेकरं सगळं हैदराबाद राजधानी असतानाच उरकलं होतं.

आता मे महिना लागला की आपल्याकडची लोकं देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसून मुंबई बघायला जायलेत, सकाळी सीएसटीला उतरून मुंबई दर्शनची बस पकडतात, गाईड माईकवर नावं सांगत जातो, गेटवे, म्यूझियम, हाजी अली, चौपाटी, आणि संध्याकाळी पाय दुखायलेत म्हणून परत. नावं कळतात, पण ते तिथं का आहे हे कोणी सांगत नाही. म्हणून हे थोडं मागचं, आणि जरा मराठवाड्याच्या बाजूनं.

आधी रस्त्याचंच बघा. आपली रेल्वे निजामाची, मीटर गेज. मनमाड ते सिकंदराबाद ही लाईन 1900 च्या आसपास चालू झाली, आणि मुंबईची लाईन ब्रॉडगेज. त्यामुळं परभणी-जालन्याहून निघालेला माणूस मनमाडला उतरायचा, ट्रंक, वळकटी, पाण्याचा तांब्या सगळं घेऊन फलाट बदलायचा आणि तिथून मोठ्या गाडीत चढायचा. हे 1990 च्या दशकात रुळ रुंद होईपर्यंत चाललं. हैदराबादला मात्र एकाच गाडीत बसून सरळ जाता यायचं. राजधानी बदलली तरी रुळ बदलायला आणखी 35-40 वर्षं लागली, यातच काय ते समजून घ्या. आमच्या घरात अजून "मनमाडच्या पलीकडं" म्हणजे परका मुलूख असाच अर्थ आहे.

पण गंमत अशी की त्याच्याही लई आधी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, आपली वाट समुद्राकडंच जात होती. पैठण सातवाहनांची राजधानी. तिथला माल जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याणला आणि सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, जहाजावर चढायचा. नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तिथं उभा आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदीत त्याचं नाव तगर, तिथं सापडलेली हस्तिदंती बाहुली इटलीतल्या पॉम्पेईला सापडलेल्या बाहुलीच्या वळणाची आहे. तेरच्या लामतुरे म्यूझियममध्ये गेलात तर तिथला सातवाहन काळातला माल बघून येताल. आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या शंभरावर लेण्या आहेत, तिथल्या लेखांत सातवाहन राजाचं नाव आहे, कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची दानं आहेत. दर्शनच्या बसा तिकडं सहसा जात नाहीत, लांब पडतं म्हणून, पण आपल्या माणसानं एक दिवस जास्तीचा काढून कान्हेरी बघावीच असं माझं मत आहे.

त्या काळात मुंबई नावाचं शहर नव्हतंच. सात बेटं होती, कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. (परळ आणि आपलं परळी वैजनाथ, नुसतं ऐकायला सारखं, दुसरं काही नाही.) कोळ्यांची वस्ती, मुंबादेवी त्यांची, तिच्यावरूनच शहराचं नाव. तिचं जुनं देऊळ आजच्या सीएसटी स्टेशनच्या आसपास होतं असं सांगतात, आताचं झवेरी बाजाराजवळ आहे. बेटं गुजरातच्या बहादूरशहानं 1534 मध्ये पोर्तुगीजांना दिली, पोर्तुगीजांनी 1661 च्या करारात आपल्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला आंदण दिली, आणि राजानं 1668 मध्ये वर्षाला 10 पौंड भाड्यावर ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आपल्याकडं लग्नात बैलजोडी द्यायचे, यांनी बेटं दिली.

समुद्र कुठं होता हे कळायला नकाशा लागत नाही, नावं ऐका. पायधुणी, म्हणजे भरतीचं पाणी जिथपर्यंत यायचं आणि उतरलेला माणूस पाय धुऊन पुढं जायचा, ती जागा आज भर बाजारात आहे, जवळपास समुद्राचा पत्ता नाही. उमरखाडीत आता खाडी नाही. चिंचपोकळी, बाबुलनाथ, फणसवाडी, वडाळा ही नावं तर आपल्या चिंचोली-वडगावसारखीच, झाडांवरून पडलेली. भेंडीबाजाराचं मात्र भांडण आहे, कोणी म्हणतं इंग्रजांच्या "बिहाइंड द बजार" चं ते भेंडीबाजार झालं, कोणी म्हणतं भेंडीची झाडं होती, मला झाडवाले जास्त पटतात.

पायधुणीपर्यंत पाणी यायचं ते महालक्ष्मीकडच्या खिंडारातून. वरळी आणि मुंबई बेटाच्या मधली ती फट 1780 च्या दशकात गव्हर्नर हॉर्नबीच्या वेळेस बांध घालून बुजवली, तोच हॉर्नबी वेलार्ड. बांध सारखा ढासळायचा, मग इंजिनिअरच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढली आणि मग तो टिकला, महालक्ष्मीच्या देवळाची ही कथा तुम्हाला तिथला कोणीही सांगंल. आताचं देऊळ 1831 चं. त्याच्याच समोरच्या अंगाला हाजी अलीचा दर्गा, 1431 चा म्हणतात, किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर आत, आणि जायची वाट भरतीत पाण्याखाली जाते. हे आपल्या लोकांना नीट सांगून ठेवावं लागतं. माझी मावशी टँकरच्या पाण्यावर आयुष्य काढलेली, तिला पाणी रोज दोनदा आपोआप येतं आणि आपोआप जातं हे काही केल्या पटंना, "कोण सोडतंय गं ते" म्हणून तिथल्या फुलवालीलाच विचारत बसली.

आता बस ज्या भागात सगळ्यात जास्त फिरते तो फोर्ट. फोर्ट म्हणतात पण किल्ला कुठंय, असं पोरं विचारतात. किल्ला होता, त्याची भिंत 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं पाडली. भिंतीला तीन वेशी होत्या, अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट. चर्चगेट स्टेशनचं नाव तिथून आलं, आणि ते चर्च म्हणजे 1718 चं सेंट थॉमस. भिंत पडली त्याच सुमारास पैशाचा पूर आला, आणि तो आला कापसामुळं. अमेरिकेत 1861 ला यादवी लागली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळंना, मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. निजामाकडचं वऱ्हाड इंग्रजांनी 1853 मध्येच कराराच्या नावाखाली ताब्यात घेतलं होतं, आणि त्याच वर्षी 16 एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली, 34 किलोमीटर. माणसं बसवून उद्घाटन केलं पण साहेबाचा डोळा कापसाच्या गाठीवर होता, कापूस पिकवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही. 1865 ला अमेरिकेतली लढाई संपली, भाव कोसळले आणि मुंबईतले मोठमोठे शेठ एका उन्हाळ्या-पावसाळ्यात रस्त्यावर आले. आपल्याकडं दर दोन-तीन वर्षांनी होतं तेच, फक्त तिकडं त्यातून इमारती राहिल्या. युनिव्हर्सिटीचा राजाबाई टॉवर बघा, कापसातला बादशहा प्रेमचंद रायचंद यानं 2 लाख रुपये दिले, आईचं नाव द्यायच्या अटीवर, टॉवर 1878 ला पूर्ण झाला. सीएसटी स्टेशन त्याच वर्षी बांधायला घेतलं आणि 10 वर्षं लागली, स्टीव्हन्स नावाच्या आर्किटेक्टचं काम. आधी व्हिक्टोरिया टर्मिनस, 1996 ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, 2017 ला त्यात महाराज लागलं. गाडीतून उतरून तसंच घाईत बाहेर पळू नका, समोरच्या फुटपाथवर जाऊन मागं वळून बघा, दगडात माकडं, मोर, काय काय कोरलंय.

तिथून थोडं पुढं हुतात्मा चौक. एकाच जागेवर तीन थर आहेत इथं. आधी किल्ल्याची चर्च गेट वेस, ती पाडल्यावर 1864 चा फ्लोरा फाउंटन, आणि शेजारी मशाल धरलेला कामगार-शेतकरी, संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. 21 नोव्हेंबर 1955 ला इथं मोर्च्यावर गोळीबार झाला. एकूण हुतात्मे 105 म्हणायचे, पुढं 106, 107 असाही आकडा सांगतात. या मुंबईसाठी तिकडं गोळ्या चालल्या आणि इकडं मराठवाडा कसलीही अट न घालता महाराष्ट्रात आला, असं आपल्याकडची जुनी माणसं आवर्जून सांगायची, आणि पुढं अनुशेषाची गोष्ट निघाली की तेच वाक्य वेगळ्या सुरात.

खरं सांगायचं तर आपल्याकडचा माणूस मुंबईला दर्शनापेक्षा मंत्रालयासाठीच जास्त जातो. फाईल अडकली, आमदार निवासात कोणाच्या तरी ओळखीवर रात्र काढली, सकाळी पाससाठी लाईनीत. ते मंत्रालय, तिथून पुढचं नरिमन पॉइंट, मरीन ड्राइव्ह, हे सगळं समुद्रात भराव टाकून काढलेल्या जमिनीवर आहे. आणि ज्याच्या नावानं नरिमन पॉइंट आहे त्या खुर्शीद फ्रामजी नरिमन यांनी 1920 च्या दशकात या बॅकबे भरावातल्याच भ्रष्टाचारावर रान उठवलं होतं. भराव काही थांबला नाही, नाव तेवढं त्यांना मिळालं.

दादरची चैत्यभूमी दर्शनच्या यादीत बऱ्याचदा नसते, पण मराठवाड्यातून मुंबईला सगळ्यात जास्त माणसं एका वेळी जातात ती तिथंच, 6 डिसेंबरला. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण 1956 चं, मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर महिनाभरातच. 7 डिसेंबरला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. औरंगाबादला मिलिंद कॉलेज त्यांनी काढलं 1950 मध्ये, त्यामुळं आपल्याकडच्या किती घरांत पहिली मुंबई म्हणजे चौपाटी नाही, गेटवे नाही, चैत्यभूमीच. हिंदू कॉलनीतलं त्यांचं घर राजगृह आणि परळची बीआयटी चाळ, जिथं ते 1912 ते 1934 राहिले, हेही त्याच दिवसात पायी बघून होतं.

गेटवेचं थोडक्यात. राजा पाचवा जॉर्ज 1911 ला आला तेव्हा कमान नव्हतीच, पायाभरणी 1913 ची आणि उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला. ताज हॉटेल 1903 चं, म्हणजे गेटवेच्या आधीचं, हे पोरांना सांगितलं की पैज लावतात. शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून 28 फेब्रुवारी 1948 ला गेली, तेव्हा आपण अजून निजामाकडंच होतो.

आणि गेटवेवरून लाँच पकडून घारापुरीला जा, सोमवार सोडून. तासाभराचा प्रवास, उलटीची गोळी घ्या. वर गेल्यावर आमच्या भावकीतला एकजण म्हणाला, "अरे हे तर आपलं वेरूळच की." चूक नव्हतं ते. वेरूळची 29 नंबरची धुमार लेणं आणि घारापुरीची मोठी लेणी यांची मांडणी एकाच वळणाची आहे, अभ्यासक दोन्हीचा संबंध कलचुरी राजांच्या काळाशी जोडतात. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीमुळं. तो हत्ती इंग्रज 1864 ला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना पडून तुकडे झाले, मग ते जोडून आता राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड म्यूझियमच्या आवारात उभा केलाय. हे भाऊ दाजी म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांतले शिलालेख वाचणारे डॉक्टर. आम्ही गेलो त्या दिवशी शेजारी पेंग्विन बघायला हीऽऽ लाईन, आणि हत्तीच्या सावलीत आमच्याच घरातल्या बाया डबा सोडून बसल्या होत्या.