रेसिडेंट आणि फेलो: ऑर्थोपेडिक्स शिकणाऱ्या या दोघांत नक्की फरक काय?

ऑर्थोपेडिक वॉर्डात राऊंड चालू असतो तेव्हा पलंगाभोवती जे तरुण डॉक्टर उभे असतात त्यातला कुणी रेसिडेंट असतो, कुणी फेलो, आणि पेशंटच्या घरच्यांना सगळेच सारखे 'शिकाऊ डॉक्टर' वाटतात. घरच्यांचं एकवेळ समजू शकतो, पण एमबीबीएसची मुलंसुद्धा फेलोशिप म्हणजे रेसिडेन्सीला जोडलेलं अजून एक वर्ष असंच धरून चालतात, आणि पुढचे बरेच गोंधळ तिथूनच सुरू होतात.

आधी साधा हिशोब. रेसिडेन्सी हे डॉक्टरला ऑर्थोपेडिक सर्जन बनवणारं ट्रेनिंग. भारतात एमबीबीएस आणि इंटर्नशिप झाल्यावर एमएस किंवा डीएनबी या पदव्युत्तर कोर्सची ३ वर्षं, अमेरिकेत मेडिकल स्कूलनंतर ५ वर्षं, ब्रिटनमध्ये तर नुसतं स्पेशालिटी ट्रेनिंगच साधारण ६ वर्षांचं आणि त्याच्या आधीची फाउंडेशनची वगैरे वर्षं वेगळी. फेलो मात्र बहुतेक वेळा ही पायरी पार करून आलेला असतो, म्हणजे तो ऑर्थोपेडिक सर्जन असतोच, आता एकाच भागात खोल जायला आलाय. मणका, हात, खांदा, सांधे बदलणं, लहान मुलांची हाडं, ट्रॉमा (अपघातातल्या दुखापती), हाडांचा कॅन्सर, यातलं काहीतरी एक. मुदत बहुतेक ठिकाणी एक वर्ष.

पण वर्षं मोजून फरक कळत नाही, तो कळतो रात्री. समजा नडगीचं हाड मोडलेला एक तरुण पेशंट संध्याकाळी ॲडमिट झालाय, पाय स्लॅबमध्ये (एका बाजूने बसवलेल्या अर्ध्या प्लास्टरमध्ये) आहे, आणि रात्री दीड वाजता नर्स फोन करते की इंजेक्शन देऊनही दुखणं थांबत नाहीये. जाणार कोण? रेसिडेंट. आणि तिथे गेल्यावर त्याला हे माहीत असायलाच हवं की पायाची नाडी लागतेय म्हणून निश्चिंत व्हायचं नसतं, कारण कम्पार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात प्रेशर वाढून त्यांचा रक्तपुरवठा तुटायला लागतो तेव्हा, नाडी बऱ्याच उशिरापर्यंत लागत राहते, त्याआधी दिसतं ते फ्रॅक्चरच्या मानाने जास्त असलेलं दुखणं, आणि पायाची बोटं आपण हाताने ताणली की पेशंट कळवळतो. बँडेज कापून स्लॅब पूर्ण मोकळा करायचा, शंका राहिली तर प्रेशर मोजायचं, डायस्टोलिक बीपी आणि स्नायूंच्या कप्प्यातलं प्रेशर यांच्यातला फरक ३० मिमी पाऱ्याच्या (बीपी मोजतात त्याच मापात) खाली असेल तर गंभीर समजायचं, आणि सीनियरला झोपेतून उठवायला अजिबात संकोच करायचा नाही. स्नायू काही तासांतच कायमचे जातात, सकाळच्या राऊंडपर्यंत वेळ नसतो.

तसंच एखादं लहान मूल येतं, ताप आहे, पायावर वजन टाकत नाही, खुबा हलवू देत नाही. हा सांध्यातला पू आहे की आपोआप बरी होणारी साधी सूज? १९९९ साली कोचर या ऑर्थोपेडिक सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चार गोष्टी बघायला सांगितल्या, ताप ३८.५ अंशांच्या वर, पायावर वजन न टाकणं, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ४० च्या वर, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर. जितक्या जास्त गोष्टी जुळतील तितकी पू असण्याची शक्यता वाढत जाते. रेसिडेंटला हे पाठ असतं, पण खरं शिक्षण त्या मुलाच्या खाटेशेजारी होतं, जेव्हा चारपैकी दोनच गोष्टी जुळतात आणि तरीही ठरवावं लागतं.

माझ्या मते रेसिडेन्सीचा गाभा हाच आहे. ऑपरेशन कधी करायचं, कधी नाही करायचं, आणि कधी थांबून चालणारच नाही. हाताचं कौशल्य त्यात येतंच, पण सगळ्या प्रकारचे पेशंट समोर येऊन जे निर्णय घ्यायची सवय लागते ती दुसऱ्या कुठल्याच टप्प्यावर तशी लागत नाही.

आता फेलोकडे बघा. त्याच्यासमोरचा पेशंट बहुधा आधीच नीट तपासलेला असतो, निदान झालेलं असतं, आणि केस अवघड आहे म्हणूनच त्या युनिटकडे पाठवलेली असते. उदाहरण खुब्याच्या वाटीच्या फ्रॅक्चरचं घेऊ. ज्युडे आणि लेटूर्नेल या फ्रेंच सर्जननी १९६४ साली त्याचं वर्गीकरण मांडलं, पाच साधे प्रकार आणि पाच मिश्र. रेसिडेंटने एक्सरे बघून प्रकार ओळखला, सांधा निखळलेला असेल तर वेळेत बसवला, सायटिक नर्व्ह (खुब्याच्या मागून पायात जाणारी मोठी नस) तपासून लिहून ठेवली, तर त्याचं काम चोख झालं. फेलोला याच्या पुढचं शिकायचं असतं, पुढून जायचं का मागून, पुढून गेलो तर मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या कशा सांभाळायच्या, कुठला तुकडा आधी बसवला की बाकीचे जागेवर येतात. हे एका केसमध्ये येत नाही, तोच प्रकार पुन्हा पुन्हा बघून, करून, नंतरचे सीटी स्कॅन तपासून हळूहळू येतं. त्यासाठीच ते वर्ष.

म्हणूनच 'रेसिडेन्सीत राहून गेलेलं फेलोशिपमध्ये भरून काढू' हा विचार मला फार घातक वाटतो. स्पाइनच्या फेलोशिपमध्ये कुणी तुम्हाला मनगटाचं फ्रॅक्चर बसवून प्लास्टर घालायला शिकवत नाही. उघड्या जखमेच्या फ्रॅक्चरला अँटिबायोटिक लवकरात लवकर सुरू करायचं हे तिथे गृहीत धरलेलं असतं. पाया कच्चा असेल तर तो फेलोशिपनंतरही कच्चाच राहतो, फक्त नावापुढे एक ओळ वाढते.

गोंधळाचं अजून एक ठिकाण म्हणजे ओटी, ऑपरेशन थिएटर. सांधा बदलायचं एकच ऑपरेशन, टेबलाशी कन्सल्टंट, फेलो आणि रेसिडेंट तिघंही स्क्रब झालेले (हात निर्जंतुक करून, गाऊन-ग्लोव्ह्ज घालून ऑपरेशनला तयार), मग हात कुणाचा चालणार? हा वाद खरा आहे आणि तो दडपून काही होत नाही. जिथे फेलोच सगळं करतो आणि रेसिडेंट वर्षभर रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरून उभा राहतो तिथे रेसिडेन्सीचं नुकसान होतं, हे स्पष्ट बोललं पाहिजे. ब्रिटनमधल्या लॉगबुकची, म्हणजे केलेल्या ऑपरेशनांच्या नोंदवहीची पद्धत मला या बाबतीत आवडते, तिथे नुसतं 'केस केली' असं लिहून चालत नाही. मदत केली, ट्रेनर स्क्रब होऊन शेजारी असताना केली, ट्रेनर स्क्रब न होता देखरेख करत असताना केली, स्वतः केली, की ज्युनिअरला शिकवत केली, प्रत्येकाला वेगळा कोड आहे. रेसिडेंटचा प्रवास या कोडमधून वर सरकताना दिसायला हवा, आणि फेलोच्या लॉगबुकमध्ये शेवटचा कोड, शिकवण्याचा, नियमित दिसायला हवा. चांगल्या युनिटमध्ये सांध्यापर्यंतची वाट रेसिडेंट उघडतो, अवघड भाग फेलो करतो, आणि साध्या केसमध्ये फेलो समोरच्या बाजूला उभा राहून रेसिडेंटला करू देतो. यात दोघंही शिकतात, कारण दुसऱ्याला करू देताना आपलं हात घालणं कधी टाळायचं हेही शिकावं लागतं.

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी ऑपरेशनच्या प्रकारानुसार किमान आकडे ठरवून दिलेले असतात. आकडे हवेतच, पण आकडा भरला म्हणजे माणूस तयार झाला असं नाही.

ड्युटीचं थोडक्यात सांगतो. हॉलस्टेड या सर्जनने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये १९व्या शतकाच्या शेवटी सर्जरीची रेसिडेन्सी सुरू केली तेव्हा रेसिडेंट खरोखर हॉस्पिटलातच राहायचे. अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला सरासरी ८० तासांची मर्यादा आहे. पहिला फोन मात्र आजही रेसिडेंटलाच जातो, फेलोला जातो तो त्याच्या विषयाचं काही असेल तर.

फेलोशिप शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट जरा ठासून सांगावीशी वाटते. रेसिडेन्सीचा अभ्यासक्रम, परीक्षा, डिग्री हे सगळं ठरलेलं असतं, फेलोशिप या नावाखाली मात्र काहीही चालतं. वर्षभर पेशंटची जबाबदारी घेऊन ऑपरेशन करायची तीही फेलोशिप, काही आठवडे मोठ्या सेंटरला जाऊन यायचं तीही फेलोशिप, आणि कोपऱ्यात उभं राहून नुसतं बघायचं तीही काही ठिकाणी फेलोशिपच. बघूनही शिकता येतं, त्याला कमी लेखत नाही, पण जायच्या आधी सरळ विचारा की स्क्रब व्हायला मिळणार का, मुख्य सर्जन म्हणून किती केसेस मिळतात, ओपीडीत फॉलोअप बघायला मिळतो का, त्या देशात काम करायला तात्पुरतं रजिस्ट्रेशन मिळतं का. आधीच्या वर्षीच्या फेलोला फोन केलात तर खरं उत्तर मिळतं.

आणि पेशंट म्हणून तुम्ही पलंगावर असाल तर समोरच्या डॉक्टरला 'तुम्ही रेसिडेंट का फेलो?' असं विचारायला काहीच हरकत नाही, कुणी रागावत नाही. त्याहून उपयोगाचे प्रश्न दोनच, ऑपरेशन कोण करणार आणि पूर्ण वेळ ओटीत सीनियर कोण असणार. रात्री पाय असह्य दुखायला लागला तर मात्र रेसिडेंटलाच बोलवायला सांगा, आणि तो येईपर्यंत नर्सला पुन्हा पुन्हा आठवण करत राहा.